अठराशे खंड आणि एक अक्षर

नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात संध्याकाळी सातला उभे राहा आणि समोरून जाणारी पहिली हजार मोठी माणसे मोजा. फार वेळ लागणार नाही. पापडांच्या दुकानांपुढून, भाजीवाल्यांना चुकवत, दुचाकीवर तिघे बसून ही हजार माणसे बघता बघता निघून जातील. त्यातल्या साधारण १८२ जणांचे काही ना काही दुखत असेल, गुडघा, कंबर, मान किंवा खांदा. आणि पाच जणांना आमवात असेल, म्हणजे डॉक्टर चिठ्ठीवर 'आरए' लिहितात तो, ज्यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते.

हे प्रमाण जरीपटक्यात मोजलेले नाही. ते भिगवणचे आहे. उजनीच्या पाणथळीवर रोहित पक्षी बघायला लोक जातात, तेच भिगवण. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने तिथे घरोघर फिरून ४,०९२ प्रौढांना विचारले, तेव्हा ७४६ जणांनी हाडा-सांध्यांचे दुखणे सांगितले. खरा आमवात मात्र निघाला शेकडा अर्धा, हजारी पाच. आकडा किरकोळ वाटतो. पण २०११च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या होती २४,०५,६६५. त्यात प्रौढ सोळा लाख धरले, तर हजारी पाचच्या हिशेबाने एकट्या नागपुरात आठ हजार रुग्ण होतात. जगभरचा अनुभव असा की पुरुष रुग्ण एक असेल तर बायका दोन-तीन असतात.

मग हे पाचच का? बाकीच्या ९९५ जणांना का नाही? अर्धे शतक हा प्रश्न विचारला जातो आहे आणि त्याचे बरेचसे उत्तर ज्या प्राण्याने दिले, त्याचे वजन वीस-पंचवीस ग्रॅम आहे.

माणसाकडून हे उत्तर काढणे किती महागात पडते ते आधी बघू. कोणत्याही एका माणसाचा जनुकसंच संदर्भासाठी धरलेल्या मानवी जनुकसंचाशी ताडून पाहिला, तर ४१ ते ५० लाख जागी फरक सापडतो. जरीपटक्याचीच गोष्ट घ्या. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबे इथे वसली. आजूबाजूला वऱ्हाडातून आलेले, छत्तीसगडातून आलेले, इंदोऱ्यातले मूळ नागपूरकर. एका रांगेतल्या चार दुकानांत चार प्रांत बसलेले असतात, आणि प्रत्येकाच्या अंगात आपापले चाळीस-पन्नास लाख फरक. यातला नेमका कोणता फरक सांध्यावर उलटतो, ते शोधायचे कसे? उत्तर एकच, माणसे वाढवा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात २,७६,०२० माणसांचे नमुने तपासले, तेव्हा आमवाताशी संबंध असलेल्या १२४ जागा हाती लागल्या. पावणेतीन लाख माणसे, सव्वाशे जागा. त्यातल्या बहुतेकांचा वाटा इतका बारीक की एकट्याने त्या कुणाला आजारी पाडत नाहीत.

जुळ्यांकडे पाहिले तर कोडे आणखी घट्ट होते. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल, तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण ब्रिटनमधल्या पाहणीत शेकडा पंधराच्या आसपास निघाले. सगळी जनुके तीच, तरी शंभरांतले पंच्याऐंशी सुटतात. उरलेला हिशेब हवा, धूर, जंतू, वय आणि नशीब यांचा. माणसाच्या बाबतीत यांतले काहीच हातात धरता येत नाही. आमवात झालेल्या बाईला 'पुढची वीस वर्षे याच खोलीत राहा, हेच खा, हाच श्वास घ्या' असे सांगता येत नाही.

उंदराला सांगता येते.

१९०९ साली अमेरिकेत क्लॅरन्स कुक लिटल नावाच्या विद्यार्थ्याने विटकट तपकिरी रंगाच्या उंदरांत सख्ख्या भावा-बहिणींची जोडी लावायला सुरुवात केली. त्यांच्या पिलांत पुन्हा भाऊ-बहीण, पुन्हा त्यांच्या पिलांत. अशा वीस पिढ्या गेल्या की उंदरांतले जनुकीय फरक जवळजवळ पुसले जातात, अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त. माणसाला वीस पिढ्यांना पाचशे वर्षे लागतील. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या नंतर दोनशे वर्षांनी सुरू केलेला प्रयोग आत्ता कुठे संपला असता. उंदराची गर्भावस्था अवघी एकोणीस ते एकवीस दिवसांची आणि दोन महिन्यांत पिल्लू जोडीला तयार, त्यामुळे हेच काम पाच-सहा वर्षांत उरकते. लिटलच्या त्या वाणाचे नाव डीबीए. त्याचीच एक शाखा डीबीए/१ आज जगभर संधिवाताच्या अभ्यासाला वापरतात. तिच्यातले कोणतेही दोन उंदीर घ्या, ४१ ते ५० लाख फरकांच्या जागी जवळपास शून्य. म्हणून तिथे पावणेतीन लाख जीव लागत नाहीत. एका गटात आठ-दहा उंदीर पुरतात, शेजारच्या पिंजऱ्यात तितकेच तुलनेला.

पण उंदराला सहसा आपणहून आमवात होत नाही. तो घडवावा लागतो. १९७७ साली आधी मोठ्या उंदरांत, म्हणजे पांढऱ्या रॅटमध्ये, आणि १९८० साली छोट्या उंदरांत ही पद्धत दाखवली गेली. कृती ऐकून स्वयंपाकघराची आठवण येते. कोंबडीच्या छातीच्या कुर्चेतून किंवा गुरांच्या कुर्चेतून टाइप-दोनचे कोलॅजन काढायचे. ते सौम्य ॲसिटिक आम्लात थंडीत रात्रभर विरघळवायचे. मेलेले क्षयजंतू घातलेल्या खनिज तेलात ते घोटत राहायचे, पांढरे दाट होईपर्यंत. जमले की नाही ते कसे कळते? एक थेंब पाण्यात सोडायचा. थेंब अखंड राहिला तर जमले. पसरला तर परत घोटा. ज्यांनी हे केले आहे ते सांगतात, अख्खा प्रयोग या थेंबावर बसतो.

यातले कोलॅजन किती? एका उंदराला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भाग. ते शेपटीच्या बुडाशी टोचायचे, एकविसाव्या दिवशी पुन्हा एक मात्रा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादे बोट लालसर होते, मग घोटा सुजतो. मोजणारा रोज प्रत्येक पंजाला शून्य ते चार गुण देतो, चार पंजांचे मिळून जास्तीत जास्त सोळा. कोणत्या उंदराला औषध दिले आहे हे त्याला माहीत नसते, माहीत असता कामा नये. कॅलिपरने पंजाची जाडी मिलिमीटरच्या शतांशापर्यंत घेतात.

आता गंमत बघा. हेच कोलॅजन टोचण्याऐवजी आधी तोंडातून दिले तर उंदीर पुढे आजारी पडत नाही किंवा कमी पडतो. १९८६ सालीच हे छापून आले. आतड्यातून आलेल्या पदार्थाशी शरीर सहसा भांडत नाही. मग १९९३ साली अमेरिकेत साठ आमवाती रुग्णांना तीन महिने कोंबडीचे कोलॅजन प्यायला दिले, काहींना बरे वाटले, मोठी आशा निर्माण झाली आणि पुढच्या मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही. आज औषधांच्या दुकानात कोलॅजनच्या भुकटीचे रंगीत डबे मांडलेले असतात, त्यांच्या मागे या जुन्या आशेची सावली आहे. घेणाऱ्याने ते आमवातावरचे औषध समजू नये, एवढे मात्र मी म्हणेन.

त्या इंजेक्शननंतर आत काय होते, तिथे आकडे खरोखर डोके फिरवतात. शत्रू ओळखणाऱ्या टी-पेशींच्या अंगावर ओळखीचे रेणू असतात. जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून अशा रेणूंचे किती नमुने तयार होऊ शकतात, याचा कागदावरचा हिशेब एकावर पंधरा शून्यांच्या घरात जातो. प्रत्येक नमुन्याची एकेकच पेशी बाळगायची म्हटली, तर एका पेशीचे वजन ग्रॅमचा पाचशे कोटीवा भाग धरूनही एकूण वजन दोनशे किलो भरते. वीस ग्रॅमच्या उंदराने स्वतःच्या दहा हजार पट वजनाच्या टी-पेशी वाहायच्या! अर्थात तो त्या वाहत नाही. त्याच्या प्लीहेत मोजले तेव्हा सुमारे वीस लाख नमुने निघाले, प्रत्येकाच्या दहाएक पेशी. एकावर पंधरा शून्यांतून वीस लाख, म्हणजे पन्नास कोटींतून एक. एवढ्या तोकड्या शिबंदीवर तो आयुष्यभर जंतूंशी लढतो.

आणखी खाली उतरा. एखाद्या विशिष्ट तुकड्यावर धावून जाणाऱ्या कोऱ्या टी-पेशी अख्ख्या उंदरात असतात वीस ते दोनशे. एकूण टी-पेशी दहा कोटींच्या घरात, आणि एखादा वाद उकरून काढणाऱ्या त्यातल्या वीस! कोलॅजनची साखळी हजाराहून जास्त कड्यांची. टी-पेशींचे लक्ष मुख्यतः २६० ते २७० या दहा-अकरा कड्यांवर. हा तुकडा त्यांच्यापुढे धरणारा रेणू कोणता आहे, यावर पुढचे सगळे ठरते. डीबीए/१ उंदरात त्या रेणूचे जे रूप आहे, त्याला शास्त्रज्ञ क्यू म्हणतात. क्यू असलेला उंदीर आजारी पडतो. दुसरे एक रूप पी. पी असलेला सुटतो. स्वीडनमध्ये रिकार्ड होल्मदाल यांच्या गटाने पी रूपातल्या चारच जागा बदलल्या, ८५, ८६, ८८ आणि ८९. दोनशेंहून अधिक कड्यांच्या साखळीतल्या या चार कड्या. तेवढ्याने पी उंदीर आजारी पडू लागला.

माणसातही हेच. तुकडा पुढे धरणाऱ्या या रेणूला माणसात एचएलए म्हणतात. १९७८ साली आमवाताच्या रुग्णांत एक विशिष्ट एचएलए प्रकार फार आढळतो हे लक्षात आले. १९८७ साली ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी दाखवले की रुग्णांतले एचएलए वरून वेगवेगळे असले, तरी ७० ते ७४ या पाच जागा त्यांच्यात सारख्याच निघतात. जगात एचएलए जनुकांची नोंदलेली रूपे चाळीस हजारांच्या आसपास आहेत, आणि बोट ठेवायचे ते पाच कड्यांवर.

या सगळ्यांवर कडी आहे जपानमधल्या उंदरांची. उंदराच्या जनुकसंचात सुमारे २७० कोटी अक्षरे आहेत. पानाला तीन हजार अक्षरे धरून ती छापली, तर पाचशे पानांचे अठराशे खंड होतील. शिमोन साकागुची यांच्या प्रयोगशाळेत एक उंदरांचा वाण निघाला, एसकेजी नावाचा. त्यातल्या उंदरांचे पाय आपोआप सुजत, बोटे वाकडी होत, माणसाच्या आमवाताशी विलक्षण साम्य. कारण २००३ साली जाहीर झाले. झॅप-७० नावाच्या जनुकात एका जागी 'जी'च्या ठिकाणी 'टी' आला होता. अठराशे खंडांत एक मुद्रणदोष. त्याने १६३व्या जागेवरचे ट्रिप्टोफॅन जाऊन सिस्टीन आले. टी-पेशीला आतून मिळणारा इशारा मंदावला, आणि थायमस ग्रंथीत ज्या उलट्या काळजाच्या पेशी गाळल्या जायला हव्यात, त्या चाळणीतून निसटल्या.

इथेच थांबलो असतो तर जनुक म्हणजे विधिलिखित असे वाटले असते. पण हाच एसकेजी उंदीर जंतूविरहित स्वच्छ पिंजऱ्यात ठेवला, की ठणठणीत राहतो. मुद्रणदोष तोच, आजार नाही. त्याच्या पोटात बुरशीच्या भिंतीतले साखरेचे एक रसायन टोचले की काही आठवड्यांत सांधे सुजतात. स्ट्रासबुर्गमध्ये योगायोगाने निपजलेल्या के/बीएक्सएन या दुसऱ्या वाणाचेही तसेच. तो जंतूविरहित वाढवला तर आजार मंद राहतो. आतड्यात एकाच जातीचा जीवाणू सोडला की भडकतो. एकीकडे जनुकातले एक अक्षर, दुसरीकडे पोटातला एक जीवाणू, आणि दोन्ही एकत्र आल्याशिवाय आजार भडकत नाही. स्वीडनमधल्या माणसांत हाच हिशेब सिगरेटीचा निघाला: त्या पाच कड्या आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही बाजूंनी मिळालेल्या आणि शिवाय धूम्रपान करणाऱ्या माणसाला, या दोन्ही गोष्टी नसलेल्याच्या मानाने एका प्रकारच्या आमवाताचा धोका एकवीसपट. नुसत्या जनुकांनी किंवा नुसत्या धुराने हा आकडा एवढा फुगत नाही.

महाराष्ट्रातही असे उंदीर आहेत. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या प्रयोगशाळेने वीस वर्षे एका रेणूचा पाठलाग केला, इंटरल्यूकिन-३ चा. आमवातात नुसती सूज नसते, हाडही झिजते. ते काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी करतात. त्या हाडाला चिकटून आम्ल सोडतात आणि हाड विरघळवतात. २००३ साली या गटाने दाखवले की इंटरल्यूकिन-३ दिले की ज्या कोवळ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट होणार होत्या, त्या वाट बदलून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी होतात आणि परत फिरत नाहीत. २००९ साली त्यांनी हाच रेणू उंदरांतला संधिवात रोखतो असे दाखवले. २०११ साली कोलॅजनने आजारी पाडलेल्या उंदरांत त्याने आणखी एक गोष्ट केली. भांडणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी थायमस, लसिकाग्रंथी आणि प्लीहेत कमी झाल्या होत्या, त्या परत भरून आल्या. सूज आणणारे रेणू घटले. जगभरच्या शोधनिबंधांच्या ढिगात हे तीन निबंध लहान दिसतील. पण पुण्यात बसून, आठ-दहा उंदरांच्या गटांवर, हाड खाणारी पेशी वाट कशी बदलते हे उलगडणे हे कमी काम नव्हे. त्यातून औषध अजून आलेले नाही, हेही सांगायला हवे.

कारण उंदराचे सगळेच माणसाला लागू पडत नाही. ज्याचे पडले, त्याचे आकडे वेगळ्या जातीचे आहेत. १९९१ साली ग्रीसमध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने सूज आणणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाचे माणसातले जनुक उंदरात घातले. तीन-चार आठवड्यांत एकूण एक पिल्लांचे सांधे बिघडले, आणि टीएनएफला अडवणारे प्रतिपिंड दिल्यावर ते वाचले. लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांनी हीच गोष्ट डीबीए/१ उंदरांत पाहिली आणि १९९२ साली रुग्णांना अशा प्रतिपिंडाची पहिली मात्रा दिली. पहिल्या चाचणीत रुग्ण होते वीस. टीएनएफ हे १५७ कड्यांचे एवढेसे प्रथिन. त्याला पकडणाऱ्या हुमिरा या एका इंजेक्शनची २०२२ सालची जागतिक विक्री २,१०० कोटी डॉलरांच्या वर गेली. त्याची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृती डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या अहमदाबादेत झायडसने बाजारात आणली. पण कोलॅजनने आजारी पाडलेल्या उंदरांत इंटरल्यूकिन-१ अडवणे जादूसारखे चालले, आणि आमवाताच्या रुग्णांत ते औषध फिके ठरले. इंटरल्यूकिन-१७ चेही तसेच: सोरायसिसच्या सांधेदुखीत त्याने नाव काढले, आमवातात नाही. उंदराने दाखवलेल्या वाटांपैकी कोणती पुढे जाते, ते चालून पाहिल्यावरच कळते.

नागपूरकरांना मात्र सुजलेल्या सांध्यांची ओळख आमवाताच्या आधी दुसऱ्याच पाहुण्याने करून दिलेली आहे. १९६५ साली शहरात तापाची साथ आली, माणसे वाकून चालू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तिचा शोध घेतला आणि चिकुनगुनिया हे नाव निश्चित केले. त्या काळी विषाणू हाती लावायचा तर रुग्णाचे रक्त उंदराच्या तान्ह्या पिलांच्या मेंदूत टोचणे हीच रूढ पद्धत होती. १९५२ सालच्या टांगानिकातल्या साथीतही हा विषाणू पहिल्यांदा असाच सापडला. १९७३ साली बार्शीत तो पुन्हा दिसला आणि मग देशातून जवळजवळ बत्तीस वर्षे गायब. २००६ साली परतला तो सुमारे तेरा लाख नव्वद हजार संशयित रुग्ण घेऊन. २०२४च्या पावसाळ्यात नागपुरात परत मोठी साथ. ज्या घरात ती गेली, तिथे कुणाला विचारा: ताप चार दिवसांत उतरला, मूठ मात्र वळेना.

या विषाणूचा सगळा मजकूर सुमारे ११,८०० अक्षरांचा. उंदराच्या २७० कोटींपुढे सव्वादोन लाखावा भाग. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो प्रौढ उंदराच्या पायाच्या तळव्याजवळ टोचला आणि पाय सुजला, सहाव्या-सातव्या दिवशी सगळ्यात जास्त. पुढे सिंगापूरच्या एका गटाने सीडी४ टी-पेशी नसलेले उंदीर घेतले. त्यांच्या रक्तातला विषाणू काही घटला नाही, सूज मात्र फारशी आली नाही. म्हणजे बाजारात जाताना पाय ओढायला लावते ती मुख्यतः आपलीच शिबंदी, विषाणू फक्त तिला जागे करतो. उंदराच्या पायाची सूज दोनेक आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही विषाणूचे आरएनए आठवडेच्या आठवडे तिथे सापडत राहते. माणसाचे सांधे महिनोन्महिने धरलेले राहतात ते या उरलेल्या आरएनएमुळे, की एकदा उठलेल्या पेशी परत बसत नाहीत म्हणून, यावर संशोधकांचे अजून एकमत झालेले नाही.